पंपाखालची पाठ

२०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. कोणाची शुद्ध हरपली होती, कोणाला डोळ्यांपुढचं दिसेनासं झालं होतं. देशभरातून पत्रकार आले, विशेष चौकशी पथक नेमलं गेलं, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. आणि या सगळ्या गदारोळातून एक वाक्य जिल्ह्याला कायमचं चिकटलं: मजुरांनी सुरक्षा साधनं वापरली नव्हती.

मी शेतीची साधनं डिझाइन करतो. फवारणी पंप, त्यांचे पट्टे, नोझल, हातमोजे, अंगावर घालायचे एप्रन. केळापूर तालुक्यातल्या कपाशीच्या गावात वाढलो, त्यामुळे ते वाक्य ज्यांच्याबद्दल बोललं गेलं ती माणसं मला परकी नव्हती. ते मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. जो मेला त्याच्यावरच मरणाची जबाबदारी टाकून बाकीचे सगळे मोकळे झाले: औषध बनवणारे, विकणारे, पंप बनवणारे आणि त्या पंपाला मंजुरी देणारेही. पण संताप करून पुढच्या हंगामात कोणाचा जीव वाचणार नव्हता. मग आम्ही त्या वाक्यालाच प्रश्न विचारायला घेतला. नाही वापरली, तर का नाही वापरली? त्या साधनात असं काय होतं, की शेजारचा माणूस दवाखान्यात गेलेला पाहूनही दुसरा ते अंगावर चढवेना?

त्या वर्षीचं रान आधी डोळ्यांपुढे आणायला हवं. बोंडअळीला मारणाऱ्या जनुकाची बीटी कपाशी आपल्याकडे २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळीने दहा-बारा वर्षांत दोन्ही पचवली आणि २०१७ मध्ये ती बोंडाबोंडांत शिरली. पऱ्हाटी कितीतरी ठिकाणी पाच-सहा फुटांवर गेलेली, ओळीला ओळ मिळालेली. अशा रानात सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन माणूस शिरतो, तेव्हा तो पिकाच्या पोटात उभा राहून फवारत असतो. लान्स, म्हणजे नोझल लावलेली हातातली दांडी, खांद्याच्या वर धरावी लागते. तुषार वरून तोंडावर, छातीवर येतो, आणि नुकत्याच भिजवलेल्या फांद्या बाजूने मांड्यांना घासतात. अळी आटोक्यात येईना म्हणून दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळली जात होती. त्याच सुमारास हाताने दांडा मारायच्या पंपाची जागा बॅटरीवरच्या आणि इंजिनावरच्या पंपांनी घेतली होती. गावात त्यांना सरसकट चायना पंप म्हणतात. त्यांचा दाब जास्त, म्हणून थेंब बारीक.

थेंबाचा हा बारीकपणा सविस्तर समजून घ्यावा असा आहे. थेंबाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच पाण्यातून आठपट थेंब तयार होतात. पान छान ओलं झाल्यासारखं दिसतं, काम भराभर उरकतं, आणि शेतकऱ्याला पंप चांगला वाटतो. पण २०० मायक्रॉनचा थेंब एक मीटर खाली यायला साधारण दीड सेकंद घेतो, तर ५० मायक्रॉनचा तेरा-चौदा सेकंद हवेत तरंगत राहतो. तेवढ्या वेळात फवारणारा माणूस दहा पावलं पुढे गेलेला असतो, म्हणजे आपल्याच धुक्यात चालत असतो. बहुतेक विष शरीरात जातं ते कातडीवाटे. तोंडाला फडकं बांधलं की झालं, हा समज म्हणूनच घातक आहे.

आता अशा माणसाला जे सुरक्षा साधन दिलं जातं ते पाहा. डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकचा किंवा रबरी लेप दिलेल्या कापडाचा अंगरखा, गॉगल, मास्क, गमबूट. सप्टेंबरातली उघडीप, पस्तिशीला टेकलेला पारा, पऱ्हाटीच्या आतला दमट कोंडमारा. गॉगल पाच मिनिटांत धुरकटतो. काळ्या मातीच्या चिखलात गमबूट पायातून निघून येतो. पाठीवर वीस किलोचं ओझं, आणि मजुरी पंपामागे, म्हणजे दिवसाला जितक्या टाक्या रिकाम्या होतील तितके पैसे. राळेगावकडच्या एका मजुराने मला सरळ सांगितलं, ‘भाऊ, हे घालून फवारलं तं औषधाच्या आधी उकाड्यानंच मरीन.’ शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्याचं म्हणणं अचूक होतं. घाम सुकायला जागा नसेल तर अंगमेहनत करणाऱ्याचं तापमान झपाट्याने चढतं, आणि तापलेल्या, घामेजल्या कातडीतून विषही लवकर आत जातं.

ही गोष्ट जगाला ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकांविषयीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता १९८५ पासून अस्तित्वात आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे, की जी कीटकनाशकं हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत. माझ्या मते २०१७ चा सगळा वाद या एका कलमाने निकालात निघायला हवा होता. यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीने सप्टेंबर २०२० मध्ये ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या स्वित्झर्लंडमधल्या संपर्क केंद्राकडे सिंजेन्टा कंपनीविरुद्ध तक्रार गेली. कंपनीने जबाबदारी नाकारली. न्यायाची ती लढाई वकिलांची आणि कार्यकर्त्यांची आहे, आणि ती लढणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. माझ्या वाट्याचं काम टेबलावर पंप उघडा करून बसण्याचं होतं.

आमच्या शास्त्रात या कामाला आधार देणारं एक जुनं उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर अचानक पोटावर बसायची. नोंद व्हायची वैमानिकाची चूक म्हणून. आल्फोन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर पंखांच्या झडपांची (फ्लॅप्सची) कळ आणि चाकांची कळ शेजारी शेजारी, दिसायला आणि हाताला अगदी सारख्या. दमलेला वैमानिक झडपा मिटवायला जाई आणि चाकंच आत ओढली जात. चपॅनिसने एका कळीला छोटं रबरी चाक लावलं, दुसरीला पाचरीचा आकार दिला. अंधारात, न बघता, बोटांना फरक कळू लागला. पुढे १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेल्या ४६० घटना तपासल्या आणि त्यांचं मूळ यंत्राच्या रचनेत दाखवलं. वैमानिक सैन्यातले अधिकारी होते, त्यांच्यासाठी शास्त्रज्ञ धावले. पऱ्हाटीतल्या मजुरासाठी तसं कोणी धावत नाही, याचं मला अजून दुःख आहे.

आम्ही सुरुवात केली ती विष नेमकं अंगावर कुठे बसतं हे पाहण्यापासून. रिचर्ड फेन्स्के यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत यासाठी एक पद्धत बसवली होती: फवाऱ्यात चमकणारा रंग मिसळायचा आणि नंतर अतिनील दिव्याखाली माणसाचं अंग पाहायचं. आम्ही टाकीत औषध घातलंच नाही, फक्त पाणी आणि निरुपद्रवी रंग. नेहमीच्या मजुरांनी नेहमीच्या कपड्यांत नेहमीसारखी फवारणी केली. संध्याकाळी गोठ्यात अंधार करून दिवा लावला.

जे दिसलं त्याने तिथल्या सगळ्यांच्याच तोंडून आवाज फुटेना. मांड्या आणि पोटऱ्या पुढून लखलखत होत्या, हे अपेक्षितच होतं. पण सर्वांत दाट चमक होती पाठीवर, कमरेच्या वर, जिथे पंप टेकतो तिथे. टाकीचं झाकण आणि त्याखालचा वॉशर यांतून गळणारं पाणी पंपाच्या मागच्या स्पंजच्या गादीत मुरत होतं आणि ती गादी दिवसभर पाठीला चिकटून होती. दुसरी जागा मनगटांच्या आतली: लान्स उंच धरली की नोझलपासून थेंब दांड्यावरून ओघळत थेट बाहीत. तिसरी तोंडाला बांधलेला दुपट्टा. संरक्षणासाठी बांधलेलं ते फडकं घाम पुसता पुसता सर्वांत जास्त भिजलं होतं, आणि ते नाकाला लागून होतं. एकाच्या खिशातली खर्ऱ्याची पन्नी चमकत होती. त्याने ती पाहिली आणि तिथेच फेकून दिली. फवारणीच्या दिवसांत कितीतरी भाषणं ऐकून जे झालं नव्हतं ते त्या दिव्याने एका क्षणात केलं.

त्या रात्रीचे चमकणारे डाग हीच आमची कामाची यादी ठरली. पहिली गेली ती स्पंजची गादी. खरं तर ती आरामासाठी असते, आणि उत्पादकांना ती काढायला सांगितली की ते नाराज होतात, कारण दुकानात गिऱ्हाईक हाताने दाबून पाहतं ते नेमकं तीच. तिच्या जागी आम्ही पन्हळी असलेला कडक प्लॅस्टिकचा पाठटेका केला. गळती झालीच तर पाणी पन्हळीतून बाजूला उतरतं, पाठ आणि टाकी यांच्यामधून वारा खेळतो. झाकणाला आतून ओठ दिला, की वाकलं तरी उसळलेलं पाणी परत टाकीत जावं. लान्सच्या मुठीपुढे एक रबरी चकती आली, ओघळ तिथेच अडून जमिनीवर पडावा म्हणून; आणि हातमोज्याचं टोक बाहेर दुमडून पन्हाळ करायची सवय लावली.

दाबासाठी नवीन काही शोधावं लागलं नाही. स्थिर प्रवाहाचा व्हॉल्व नावाचा बोटाएवढा भाग जगभर मिळतो. पंपाचा दाब कितीही वर जावो, नोझलला तो एक किंवा दीड बारच पोचू देतो. थेंब जाड राहतात, झाडावर पडतात, हवेत कमी तरंगतात. तो लावल्यावर शेतकऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली: फवारा कमी दिसतो. धुकं दिसलं नाही की काम झालं नाही असं वाटतं. मग रंगाचं पाणी घेऊन पानाची खालची बाजू दाखवावी लागते.

माझं मन सर्वांत जास्त गुंतलं आहे ते मागच्या फवाऱ्यात. माणूस ओल्या फांद्यांत चालतो, कारण लान्स त्याच्या पुढे असते. ती मागे नेली तर तो कोरड्या पिकातून चालेल आणि ओलं पीक त्याच्या पाठीमागे राहील. १९६१ च्या सुमारास ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, टन्स्टॉल आणि ग्रॅहॅम मॅथ्यूज यांनी कपाशीसाठीच हे करून दाखवलं होतं. पाठीवरच्या पंपाच्या मागे उभा दांडा, त्यावर खालपासून वरपर्यंत नोझल, आणि झाड वाढेल तसतशी नोझल वाढवत जायची. साठ वर्षांपूर्वीचं, कपाशीचं, पाठीवरच्या पंपाचं उत्तर. आणि आपल्या कृषी केंद्रात आजही पंपाबरोबर हातात धरायची लान्सच मिळते. आमच्या पसरट संकरित पऱ्हाटीत तो सरळ दांडा अडकतो, फांद्या मोडतात, बोंडं गळतात. म्हणून आम्ही नोझल लवचीक हातांवर बसवली, फांदी लागली की मागे झुकणारी आणि पुन्हा सरळ होणारी. सलग दिवसाच्या कामात नळीचे जोड अजून कच्चे पडतात. त्यावरच सध्या काम चालू आहे.

अंगरख्याच्या बाबतीत आम्ही पूर्ण झाकण्याचा हट्ट सोडला. आयएसओ २७०६५ हे कीटकनाशक फवारणाऱ्यांच्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक २०१७ मध्येच सुधारून आलं, ज्या वर्षी आमच्याकडे माणसं मरत होती. त्यात कपड्यांच्या तीन पायऱ्या आहेत, आणि धोका कमी असेल तिथे हलक्या, श्वास घेणाऱ्या कापडाला जागा आहे. दिव्याने दाखवलं होतं की समोरून मांड्या, पोटऱ्या आणि पोट झाकायला हवं. मग पुढून अडवणारा आणि मागून मोकळा असा पायघोळ एप्रन पुरतो, धोतरावर किंवा पँटवर बांधायचा, गाठ एका हाताने सुटेल अशी. विषाचा डबा उघडून मिसळताना मात्र तडजोड नाही. तिथे औषध पाण्याशिवाय, मूळ तीव्रतेचं असतं. तिथे जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवीच. हे काम काही मिनिटांचं असतं, उकाड्याची सबब तिथे उरत नाही.

मिसळण्याच्या जागी बाया असतात, हे बहुतेक आराखड्यांत नसतं. पाणी आणणं, बादलीत औषध ढवळणं, संध्याकाळी तेच कपडे घरच्या धुण्यात धुणं. मापाचं टोपण म्हणजे औषधाच्या बाटलीचंच झाकण, ते अरुंद, गुळगुळीत, आणि ओतलं की बाटलीच्या मानेवरून बोटांवर उतरणारं. भुकटीच्या औषधासाठी पाण्यात विरघळणारी पुडी ही पॅकिंगची पद्धत जगात चांगली रुळलेली आहे. पुडी न फोडता टाकीत टाकायची, हात लागतच नाही. ती इथे सर्रास का नसावी? लेबलाची भाषाही अशीच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर तिरक्या चौकोनात रंग असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. निळ्यापेक्षा पिवळा जास्त घातक हे कोणी न शिकवता कसं कळणार, आणि हिरवा तर पिकाचाच रंग. रिकाम्या डब्याची गोष्ट याहून भयंकर. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली, ती कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेल्या तेलातल्या मोनोक्रोटोफॉसने. यवतमाळच्या २०१७ च्या विषबाधेतल्या औषधांतही हे होतं. केंद्राने ते बंद करण्याचा आदेश काढला २०२३ मध्ये.

औषधच जर इतकं घातक असेल तर पंप सुधारून काय होणार, असं मला विचारतात, आणि विचारणारे बरोबर आहेत. सुरक्षेच्या उतरंडीत अंगावरचं कापड सर्वांत शेवटी येतं. सर्वांत वर धोकाच काढून टाकणं. श्रीलंकेने १९९५ मध्ये सर्वांत विषारी वर्गांतल्या औषधांवर निर्बंध आणले आणि तिथल्या आत्महत्यांच्या आकड्यात त्यानंतर मोठी घट झाली. डिझाइनरने आपल्या साधनाच्या प्रेमात पडून ही मागणी मागे ढकलू नये.

तरीही कापडाकडे नव्याने पाहणारं एक काम मला फार मोलाचं वाटतं. बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत प्रवीण कुमार वेमुला यांच्या गटाने २०१८ मध्ये हाताला लावायचं एक मलम प्रसिद्ध केलं. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं शरीरातलं असिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवतात, त्यामुळे नसांचा संदेश थांबतच नाही: बाहुल्या आकसतात, लाळ सुटते, स्नायू थरथरतात, श्वास अडतो. डॉक्टर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीनबरोबर ऑक्झिम देतात. या गटाने त्याच जातीचं रसायन कातडीच्या बाहेर आणलं, म्हणजे विष आत शिरण्याआधीच तुटावं. पुढे तेच त्यांनी कापडाच्या धाग्याला कायमचं जोडलं. सेपिओ हेल्थ या कंपनीसोबत बनलेला हा ‘किसान कवच’ अंगरखा १७ डिसेंबर २०२४ रोजी दिल्लीत जाहीर झाला. तेव्हाची किंमत सुमारे चार हजार रुपये, धुऊन पुन्हा वापरण्याजोगा. कापूस इथल्याच शिवारातला, त्याच कापसाच्या कापडाने विष मोडायचं, ही कल्पनाच मला अभिमानाची वाटते. त्याची मर्यादाही माहीत असावी. ऑक्झिम तोडतं ते ठरावीक रासायनिक बंध. डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिल या कीटकनाशकांची घडण वेगळी आहे, तिथे हे कापड साध्या कापडाइतकंच आड येईल. आणि पंपामागे मजुरी घेणाऱ्याला चार हजार ही रक्कम स्वतःच्या खिशातून परवडणार नाही. ती मालकाने किंवा शासनाने भरावी.

किमतीचा विचार आला की मला १९२९ ची चरखा स्पर्धा आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी काय होत्या पाहा: किंमत १५० रुपयांच्या आत, बाईला आपल्या झोपडीत आठ तास फार श्रम न पडता चालवता यावा, वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण साधन कोणाच्या शरीरासाठी, कोणाच्या घरात, कोणाच्या पैशात हे एका कागदावर इतक्या स्वच्छपणे लिहिलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

आज महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरून बॅटरीवरचे फवारणी पंप अनुदानावर दिले जातात. या खरेदीच्या अटींत टाकीची क्षमता आणि बॅटरीचा दर्जा यांच्या जोडीला आणखी काही ओळी याव्यात, अशी माझी मागणी आहे. पंप सप्टेंबरातल्या उभ्या पऱ्हाटीत, पूर्ण भरून, वाकून, चालून तपासलेला असावा, आणि त्यानंतर पाठ कोरडी असावी. दाब बांधून ठेवणारा व्हॉल्व कारखान्यातूनच बसवलेला यावा. हात धुण्याच्या स्वच्छ पाण्याची एक लिटरची वेगळी बाटली पंपाच्या बाजूला अडकवलेली असावी. ट्रॅक्टरवरच्या मोठ्या फवारणी यंत्रांना अशी टाकी असते, पाठीवरच्या पंपाला का नको? आणि झाकणाचा वॉशर ज्या गावात पंप विकला त्या गावच्या कृषी केंद्रात सुटा मिळावा. आज तो मिळत नाही, म्हणून गळकं झाकण सुतळीने बांधून माणसं पुन्हा तोच पंप पाठीवर घेतात.